श्वास धरून पोहणारा

हार्ट अटॅकनंतर काय खायचं, किती चालायचं आणि कुठली गोळी जेवणाआधी घ्यायची, हे सगळं मला हॉस्पिटलमधून निघताना नीट समजावून सांगितलं गेलं. एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही. या आजारात माणसाला दुसऱ्यांचा हेवा वाटायला लागतो. थोडाथोडका नाही, भूक लागावी तसा, रोज आणि वेळेवर.

आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ माझ्याहून बरेच मोठे आहेत. संध्याकाळी पारनाक्यावर उभे राहून ते भज्यांचं पुडकं संपवतात आणि बोटं चाटत समुद्राकडे बघतात. आजाराआधी मला त्यांचं नावही धड माहीत नव्हतं. आता त्यांची सगळी दिनचर्या पाठ आहे. त्यांच्या रक्तवाहिन्या चिकूच्या वाडीतल्या पाटासारख्या खळखळ वाहत असणार आणि माझ्या तेवढ्या तुंबल्या, हे मनात आलं की त्यांच्या भज्यांवर पाणी ओतावंसं वाटतं.

मी काशिनाथ. वय पन्नाशीच्या पुढे. तलासरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो, राहतो डहाणूत, मूळ गाव झरी. बायको भारती घरी शिवणकाम करते. मुलगी पुण्याला नोकरी करते. माझ्यासारखी फाइल काखेत मारून घरी परतलेल्यांसाठी हे लिहितोय. घरातल्या धडधाकट माणसांचा तुम्हाला राग येत असेल, तर तुमचं डोकं फिरलेलं नाही. मलाही यायचा. सगळ्यात जास्त कोणाचा यायचा, ते पुढे येईलच.

ॲसिडिटी

त्या दिवशी मी सातवीच्या वर्गात नकाशा टांगत होतो. हात वर केला आणि जबडा दुखायला लागला. छाती नव्हे, जबडा. मग दरदरून घाम. मला वाटलं सकाळचं फरसाण बाधलं. स्टाफरूममध्ये येऊन सोडा मागवला आणि पंख्याखाली बसलो. समोर आमचे चौधरी सर तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मळलेली तंबाखू खिडकीबाहेर टाकली आणि म्हणाले, "काशिनाथ, ऊठ. गाडीत बस."

"ॲसिडिटी आहे हो, सर."

"असू दे. ॲसिडिटीच आहे, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकू."

तलासरीहून हायवेनं वापी जवळ पडतं. तिथे पोचल्यावर धावपळ झाली, छातीला वायरी लागल्या आणि एका तरुण डॉक्टरनं सांगितलं की हा अटॅक आहे, एक नस जवळपास बंद झालीय, आत्ताच्या आत्ता उघडावी लागेल. मी त्याला म्हणालो, "शक्यच नाही. मी पोहणारा माणूस आहे."

"रोज पोहता?"

"नाही. लहानपणी पोहायचो. आता वर्षातून एकदा."

डॉक्टर हसला नाही. त्याच्या बाजूची सिस्टर हसली.

भीती होतीच. भारतीला फोन कोण करणार, ती एकटी कशी येणार, हेच डोक्यात घुमत होतं. पण खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून सांगतो. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घालत होते तेव्हा चौधरी सर बाहेर उभे होते. जन्मभर तंबाखू खाल्लेला हा माणूस दोन पायांवर उभा, आणि सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा मी आडवा. दार बंद होताना मनात आलं, याला का नाही झालं? ज्यानं माझा जीव वाचवला त्याच्याबद्दल हे मनात आलं.

झरीची विहीर

पोहणारा माणूस आहे, असं मी उगाच म्हणालो नव्हतो. झरीला आमच्या भातशेताच्या कडेला वडिलांच्याही आधीची विहीर आहे, एका अंगानं दगडी पायऱ्यांची. आम्ही भावंडं तिच्यातच शिकलो. पाठीला वाळलेले भोपळे बांधायचे आणि वरून ढकलून द्यायचं, एवढीच शिकवणी. पुढे भोपळे सुटायचे. पण घरात पोहणारा म्हणून मान मिळायचा तो तळाची माती आणल्यावरच.

ऐन वैशाखात पाणी खाली गेलं की आमच्याकडे एक दिवस ठरतो. घरची सगळी माणसं काठावर जमतात, नारळ फुटतो आणि घरातला एक जण बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणतो. ज्यानं आणली त्यानं ती काठावरच्या प्रत्येकाच्या कपाळाला लावायची. तळ अजून हाताला लागतो, झरे बुजले नाहीत, याची ती खूण. आधी वडील आणायचे, मग थोरला भाऊ लहानू. लहानूच्या कानाचा पडदा फाटल्यापासून मी. मी खाली गेलो की काठावर कुजबुज सुरू व्हायची, इतका वेळ राहायचो. माती लगेच हाताला लागली तरी थोडा थांबायचो. वर आल्यावर सगळ्यांचे चेहरे बघायला मजा यायची.

आमचं पोहणं दोनच प्रकारचं. पाण्यावर असाल तर डोकं वर ठेवून हात मारायचे, आणि पाण्याखाली असाल तर श्वास धरायचा. श्वास सोडला तो हरला.

भारती आगर गावची. तिच्या माहेरच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो. बाप-भाऊ होडीवर जाणारे, पण घरातल्या एकाही बाईला पोहता येत नव्हतं. होडी किनाऱ्याला लागली की टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात शिरायचं, तेवढाच बायकांचा समुद्र. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माती घेऊन वर आलो तेव्हा ती पायरीवर पांढरीफटक उभी होती. तिच्या कपाळाला माती लावत मी म्हणालो, "समुद्राकाठची ना तू?" सगळे हसले. ती हसली नाही.

शेजारची खाट

आयसीयूमध्ये सकाळ सुईनं सुरू होते. मग रक्तदाब, मग बिनचवीचा उपमा, मग डॉक्टरांची फेरी आणि मग नुसतं छताकडे बघणं. माझ्या शेजारच्या खाटेवर कांतीभाई होते, वलसाडचे कापडवाले, सत्तरी ओलांडलेले. त्यांचीही नस उघडली होती. पण ते माझ्याआधी उठून बसले, माझ्याआधी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेले आणि सिस्टरला गुजरातीत विनोद सांगायला लागले. माझे पाय लटपटत होते. ज्या दिवशी त्यांना घरी सोडलं त्या दिवशी ते उरलेली मोसंबी माझ्या उशाशी ठेवून गेले. मी ती खाल्ली, पण प्रत्येक फोड चावताना माझं त्यांच्याशी भांडण चालू होतं.

सफाईला येणारी मावशी सकाळी पडदा अर्धाच सरकवायची. पडल्यापडल्या समोरचं जांभळाचं झाड मला दिसावं आणि ऊन मात्र तोंडावर येऊ नये, असा. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यातली तीच एक गोष्ट होती जिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

एकदा हृदयाची सोनोग्राफी करायला नेलं. मशीनवरची मुलगी म्हणाली, "श्वास रोकी राखो, काका." हे तर माझं काम. मी धरला. तिचं झालं. "बस, छोडी दो." मी सोडला नाही. म्हटलं, हिला एकदा कळू दे. ती दोनदा ओरडली आणि शेवटी खांद्यावर चापट मारली तेव्हा सोडला. मला वाटलं कौतुक करेल. ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर या वेळी माझ्या शेजारी बसूनच बोलले. "काका, हे पुन्हा करायचं नाही. धरलेला श्वास आता तुमच्या हृदयाला परवडणार नाही. बुडी मारायची नाही, श्वास कोंडून जोर लावायचा नाही. जिवावर बेतेल." मी मान डोलावली. तिथे मान डोलावण्यापलीकडे माणसाला काही करता येत नाही.

भारतीला दिवसातून थोडाच वेळ आत सोडायचे. बाकीचा वेळ ती काचेपलीकडे उभी असायची, ओढणीचं टोक दातांत धरून. मी हात हलवला की तीही हलवायची, पण ओढणी तोंडातून काढायची नाही. आणि मी काय विचार करायचो? ही हवं तेव्हा लिफ्टनं खाली जाऊन चहा पिऊ शकते.

बिनमिठाचं घर

घरी आल्यावर स्कूटरची चावी गायब झाली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आणि वरणातलं मीठ गेलं. भारती माझ्याबरोबर तेच वरण जेवायची. तेही तोंड वाकडं न करता, वर "बरं झालंय की" म्हणत. मला ते असह्य व्हायचं. दुसऱ्याला शिक्षा झाली असताना आपणही हौसेनं कोठडीत येऊन बसावं, तसं.

"तुला कोणी सांगितलंय हे खायला?" मी एकदा ओरडलो. "तू खा ना मीठ. तुझ्या नसा चांगल्या आहेत."

"दोन भाज्या करायचा कंटाळा येतो," ती म्हणाली आणि ताट पुसून घेतलं.

मुलीचा फोन यायचा. मी समोर बसलेलो असायचो आणि ती आईला विचारायची, बाबा ऐकतात ना? लहानू ताडगोळे घेऊन भेटायला आला. साठी उलटलेला माणूस, स्वतः ताडावर चढून काढलेले. "ताजे हाय, आत्ताच उतरवले," तो म्हणाला, आणि मला त्याच्या पोटऱ्यांकडे बघवेना. मी जिन्याचा एक मजला चढून भिंतीला टेकत होतो.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना एवढंच सांगतो, तो मिठावर ओरडत असेल तर ते मिठासाठी नसतं. घरातली सगळी माणसं आपल्याकडे बघताना हळू आवाजात बोलायला लागतात, त्याचा तो राग असतो.

फुगे

काही महिन्यांनी पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सावकाश पोहायला हरकत नाही. शर्यत नाही, बुडी नाही, सोबत कोणीतरी पाहिजे. मग भारतीकडे वळले. तिची शुगर काठावर होती, गुडघे बोलत होते. "तुम्हीही जा यांच्याबरोबर. दोघांचंही काम होईल."

मला हसू आलं. भारती आणि पोहणार!

बोर्डी रस्त्याला एका चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि मागे पोहायचा चांगला लांबलचक पूल. पाहुणे झोपेतून उठायच्या आधी तो आसपासच्या लोकांसाठी उघडा असतो. शिकवायला हेमलता मॅडम. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी, आवाज अजून मैदानावरचा. भारतीनं पूर्ण अंगाचा पोहायचा पोशाख मागवला आणि त्याला स्वतः झालर शिवली. त्या झालरीसकट ती पहिल्या दिवशी उथळ बाजूला कठडा धरून उभी राहिली, जणू पूल तिला ओढून नेणार होता.

मी मात्र थेट उतरलो आणि विहिरीत मारतो तसे हात मारत, मान ताठ ठेवून, अर्ध्यापर्यंत गेलो. मागे वळून बघितलं, कोणी बघतंय का. मॅडमनी शिट्टी मारली.

"काका, मान मोडेल अशानं. तोंड पाण्यात घाला. नाकातोंडानं श्वास सोडत जा, आणि कूस बदलून घ्या."

तोंड घातलं. श्वास मात्र धरला. तसाच पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो आणि लालबुंद होऊन उभा राहिलो.

"तुमचे फुगे कुठायत?" मॅडम काठावरून चालत आल्या. "पाण्यात फुगे दिसले पाहिजेत मला. श्वास कोंडून कोणी पोहतं का? त्यात तुमचं हे असं."

"आमच्याकडे असंच पोहतात."

"विहिरीत ना? विहिरीत तुम्हाला कुठे जायचं असतं?"

उथळ बाजूला भारती तोंड बुडवून बुडबुडे काढत होती, लहान मुलांच्या घोळक्यात, झालर फुगवून. मी तिच्याकडे बघून हसलो. ते माझं पूलमधलं शेवटचं मोकळं हसणं.

पोटदुखी

ज्याला काहीच येत नाही त्याला विसरावंही काही लागत नाही. भारतीला श्वास सोडायला सांगितला, तिनं सोडला. मला सोडायला सांगितला की माझं अंग ऐकायचंच नाही. तोंड पाण्याला लागलं की छाती आपोआप कुलूप लावून घ्यायची. अर्ध्या वाटेत दम संपायचा, पट्ट्यांमधली दोरी धरून उभा राहायचो, आणि तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यातून झालर निघून जायची. शांतपणे. एक बाजू, दुसरी बाजू, फुगे, श्वास, फुगे, श्वास.

थंडी सरेपर्यंत ती न थांबता फेऱ्या मारायला लागली. तिचे गुडघे बोलायचे बंद झाले. चेहरा निवळला. बाजारात मासळीवाली तिला म्हणाली, "वयनी, तब्येत एकदम मस्त झाली हां!" आणि माझ्याकडे बघून, "सरांनी जरा आराम करायला पाहिजे." सकाळच्या बॅचच्या बायका तिला भारतीताई, भारतीताई करायच्या. कोणी नवीन आलं की मॅडम सांगायच्या, "त्या झालरवाल्या ताईंकडे बघा. असा श्वास पाहिजे."

मी बघायचो. रोज बघायचो. माझ्या पोटात दुखायचं.

भजीवाल्या गृहस्थांचा हेवा परवडला, ते परके. पण ही तर माझ्या ताटाशेजारी बसून जेवत होती. आजारी मी पडलो. पूल माझ्यासाठी सांगितला होता. पाणी माझं होतं! आमच्या घरात पोहणारा म्हणजे मी, ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणी बोलूनही दाखवत नव्हतं, इतकी ती ठरलेली होती. नोकरी, पगार, घर सगळ्यांकडे असतं. माझ्याकडे ते एक होतं.

मी तिच्या चुका काढायला लागलो. तुझे पाय वाकतात. तू डावीकडे सरकतेस. ती "हो का?" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पाय सरळ करून यायची, म्हणजे माझ्याच सांगण्यानं आणखी पुढे जायची. एका सकाळी तिचा कान दुखायला लागला आणि जाणं रद्द झालं. मी तिला आडवं केलं आणि डॉक्टरनं दिलेले थेंब फार हळुवारपणे तिच्या कानात घातले. तिला वाटलं, किती प्रेमानं करतायत. प्रेम होतंच. पण सुट्टी मिळाल्याचा आनंद जास्त होता.

दोन फेऱ्या

उन्हाळा लागला. झरीहून लहानूचा निरोप आला, विहिरीचं पाणी उतरलंय, येत्या रविवारी या. भारतीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "या वर्षी बुडी नाही हां. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

मी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी पूलवर गेल्यावर ठरवलं, एकदा अंदाज घेऊ. ती तिच्या पट्ट्यात सुरू झाली. मी शेजारून निघालो, तोंड खाली, श्वास धरून. एक भिंत आली, मी वळलो. ती बाजूलाच होती. तिच्या पुढे जायचं, एवढंच डोक्यात होतं. मधोमध आलो आणि पाण्यातली निळी फरशी काळी पडायला लागली. छातीत कोणीतरी आतून धडका मारत होतं. हाताला दोरी लागली ती मी कशी धरली आठवत नाही. मॅडमची शिट्टी लांबून ऐकू आली.

मला बाहेर काढून बाकावर बसवलं, टॉवेल गुंडाळला. श्वास हळूहळू जागेवर आला. भारती समोर उभी होती, केसांतून पाणी गळत होतं.

"मुद्दाम केलंत ना?"

"अंदाज घेत होतो."

"कसला अंदाज? मरायचा?" तिचा आवाज फाटला. "काठावर उभं राहणं काय असतं ते तुम्हाला कधी कळलंच नाही. कसं कळणार? तुम्ही कायम पाण्याखाली."

"दोन फेऱ्या मारायला आल्या म्हणून मला शिकवू नकोस."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझी गोळी माझ्या हातात दिली, पाण्याची बाटली बाजूला ठेवली. डॉक्टरांना मॅडमनी फोन लावलाच होता. त्यांनी दुपारी दाखवायला बोलावलं. भारती थोडा वेळ माझी नाडी धरून बसली. ठीक लागल्यावर उठली. "माझ्या फेऱ्या राहिल्यात," म्हणाली आणि पाण्यात उतरली.

मी बाकावर बसून तिचे फुगे बघत राहिलो. एवढा राग मला अटॅकचाही आला नव्हता.

दुपारी डॉक्टरांनी तपासलं. नवीन काही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जास्त हळू आवाजात. पुढच्या वेळी दोरी हाताला लागेलच असं नाही.

वर थांबून

रविवारी आम्ही झरीला गेलो. लहानू, वहिनी, शेजारपाजारची माणसं काठावर जमली होती. लहानूची मुलं सिल्वासाला कंपनीत आहेत, ती पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत. म्हणजे उतरणारा मी एकटाच, हे सगळ्यांना माहीत होतं. नारळ फुटला.

"उतर, काशा," लहानू म्हणाला. "पानी बग कसा निवळ हाय."

"दादा, त्यांना डॉक्टरांनी नाही सांगितलंय," भारती म्हणाली.

"डॉक्टरला काय ठावं विहिरीचा? एक बुडी तर मारायची हाय. नाय तर राहू दे यंदा." त्यानं ते सहज म्हटलं, पण त्याचा चेहरा पडला.

मी शर्ट काढला आणि तो हातात घेऊनच पायऱ्या उतरलो. पाणी गुडघ्याला लागलं. गार, ओळखीचं. डॉक्टर काय म्हणाले ते मी विसरलो नव्हतो. फरशी काळी झाली होती तेही विसरलो नव्हतो. पण आज उतरलो नाही तर यापुढे मी फक्त गोळ्या खाणारा माणूस उरणार होतो, आणि ते मला मरण्यापेक्षा वाईट वाटत होतं. एकदाच, पटकन, असं मी मनाशी म्हणालो.

मागून पायऱ्यांवर पावलं वाजली. भारती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ओढणी कमरेला बांधत होती.

"मी जाते."

मग लहानू म्हणाला, "बायामानूस कदी उतरली नाय या विहिरीत."

वहिनीच्या हातात अजून नारळाची भकलं होती. ती म्हणाली, "पानी भराया आमी आनि उतराया तुमी? जाऊ द्या तिला."

"तुला जमणार नाही," मी भारतीला म्हणालो. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "पूलसारखं नसतं ते. खाली काळोख असतो. गारठा असतो."

"रागावलात?"

"हो."

"मग रागवा. पण वर थांबून रागवा."

तिनं दोन-तीनदा सावकाश श्वास घेतला आणि गेली. पाणी तिच्यावरून बंद झालं. आधी फुग्यांची एक माळ वर आली. मग दोन-तीन सुटे. मग काहीच नाही. हिरवं पाणी, त्यावर एक चिंचेचं पान फिरत होतं, माझ्या पायांनी उठलेल्या लाटा भिंतीला लागून परत येत होत्या. आता माती हाताला लागली असेल. आता वळली असेल. मला तळ माहीत होता, उतरत्या दगडाखालची पाय अडकेल अशी कपार माहीत होती, आणि त्यामुळे जास्तच दिसत होतं. लहानूनं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. पान फिरत फिरत कडेला गेलं. ती अजून खालीच होती. लवकर सापडली तरी थांबायचं, असं तर नाही ना करत ही? मी पुढच्या पायरीवर उतरलो, पाणी मांडीला लागलं.

मग तिचं डोकं वर आलं. केस तोंडावर, तोंड उघडं, एक हात वर, मूठ बंद. ती पायरीला लागली आणि दम घेत माझ्याकडे बघायला लागली. हसणार होती, पण हसली नाही.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

तेव्हा कळलं की मी धरून ठेवला होता. हातातल्या शर्टाची बाही माझ्या दातांत होती. मी श्वास सोडला. तो इतक्या जोरात सुटला की वर काठावर उभ्या असलेल्या लहानूनं खाली वाकून बघितलं.

भारतीनं मूठ उघडली आणि पहिलं बोट माझ्या कपाळाला लावलं. आणणारा सगळ्यांना लावतो, आणणाऱ्याला कोणी लावत नाही, त्यामुळे मी आणायला लागल्यापासून ती माती माझ्या कपाळाला कधी लागली नव्हती. गार होती. एक थेंब नाकावरून ओठांवर आला. मी तिचा दंड धरून पायरीवर बसलो आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तिच्या तळहाताकडे बघितलं. माझ्यापेक्षा जास्तच आणली होती.